रिकामी जागा कोणाची?

गेल्या वैशाखांतील गोष्ट आहे. पुण्याहून कोल्हापुरास जातांना आम्ही उभयतां सातारच्या अलीकडे एका हॉटेलाशीं थांबलों. दुपारचे सव्वातीन वाजले होते, आणि ऊन असें होतें कीं, मोटारीच्या दाराला हात लाववत नव्हता. हॉटेलाचें अंगण ऐसपैस होतें. पन्नासएक मोटारी तेथें सहज राहिल्या असत्या, आणि त्या वेळीं निम्मेंही अंगण भरलेलें नव्हतें. पण सांवली म्हणून काय ती एकाच ठिकाणीं होती. दाराजवळच पत्र्याचें छप्पर घातलेल्या दोन जागा होत्या. त्यांच्या जमिनीला हिरवा रंग दिलेला होता आणि दोहोंच्या मधोमध विजेच्या मोटारी चार्ज करण्याचें यंत्र उभें होतें. एका जागेंत हिरव्या नंबरपाटीची एक मोटार होती. दुसरी जागा रिकामी होती. मीं माझी पेट्रोलची मोटार तींत घातली.

"साहेब, ही चार्जिंगची जागा आहे," रखवालदार म्हणाला.

"दहा मिनिटांत येतोंच," असें म्हणून मी आंत गेलों. आपण खोटें बोलत आहों असें त्या वेळीं मला वाटलें नाहीं. 'दहा मिनिटें' हा शब्दप्रयोग अशा प्रसंगीं कालाचें माप म्हणून कोणी करीत नसतो. परवानगी न मागतां ती घेण्याचा तो एक सभ्य प्रकार आहे. आंत मिसळ आली, चहा आला, शेजारच्या टेबलावर एक वर्तमानपत्र सांपडलें, आणि आम्ही बाहेर आलों तेव्हां चार वाजले होते.

छपराबाहेर भर उन्हांत विजेची एक मोटार उभी होती. तिच्यापाशीं तिशीच्या आंतबाहेरचा एक तरुण, त्याची पत्नी आणि परकर-पोलकें घातलेली एक चार वर्षांची मुलगी अशीं तिघें होतीं. त्यानें रागावून बोलावें अशी माझी अपेक्षा, किंबहुना इच्छा होती. कारण समोरचा मनुष्य रागावला म्हणजे आपल्यालाही रागावतां येतें, आणि मग मूळ गोष्ट बाजूला पडते. पण तो इतकेंच म्हणाला, "काका, ही गाडी आपली का? जरा काढतां का? चाळीस मिनिटें झालीं, वाट पाहतों आहें."

बोलण्यांत कळलें कीं, मंडळी सकाळीं मुंबईहून निघालेली होती. कोल्हापुरास त्याच्या भाचीचें लग्न होतें. गोरज मुहूर्त, सात वाजण्याच्या सुमाराचा. तो मुलीचा सख्खा मामा. नवरीला हाताला धरून बोहल्यापाशीं आणण्याचा मान आमच्याकडे कोणाचा असतो हें वाचकांस सांगावयास नको. त्याच्या बॅटरींत नऊ टक्के वीज उरली होती, आणि पुढचें चार्जिंग स्टेशन इतकें लांब होतें कीं, तेथवर गाडी जाईल याची त्याला खात्री नव्हती. शेजारच्या जागेंतील हिरव्या पाटीच्या मोटारीची बॅटरी केव्हांच भरून गेलेली होती. यंत्रावर तसें दिसत होतें. केबल मात्र तिलाच लटकलेली होती, आणि मालकाचा पत्ता नव्हता. रखवालदारानें आंत येऊन दोन्ही गाड्यांचे नंबर पुकारले होते म्हणे. मला तो पुकारा ऐकूं आला नाहीं. किंवा ऐकूं आला असला तरी तो माझ्यासाठीं आहे असें माझ्या मनांत आलें नाहीं.

मीं गाडी काढली. "माफ करा, जरा उशीर झाला," असें कांहीं तरी पुटपुटलों. "असूं द्या, काका," असें म्हणून तो केबल लावावयास वळलाही. पुढें चारपांच मैल आम्ही कोणीच बोललों नाहीं. मग पत्नी म्हणाली, "आपल्याला सांवली हवी होती, त्याला वीज हवी होती."

या गोष्टीला आतां कांहीं महिने झाले, तरी ती मनांतून जात नाहीं. दंड झाला नाहीं, भांडण झालें नाहीं, कोणी अपशब्दही बोललें नाहीं. मग मीं केलें तरी काय? या प्रश्नाचा विचार करूं लागल्यावर मला असें दिसून आलें कीं, हा प्रश्न वरवर मोटारींचा असला तरी मुळांत तो मोटारींचा नाहीं.

माझा बचाव मीं मनाशीं अनेक वेळां करून पाहिला आहे, आणि तो अगदींच पोकळ आहे असें नाहीं. पहिली गोष्ट अशी कीं, मी आलों तेव्हां जागा रिकामी होती. रिकामी जागा जो आधीं येईल त्याची, या तत्त्वावर आगगाडीच्या डब्यापासून देवळाच्या ओटीपर्यंत जगाचे किती तरी व्यवहार बिनतक्रार चालतात. दुसरी गोष्ट समतेची. अंगण सर्व गिऱ्हाइकांचें. मिसळीचे पैसे सर्वांना सारखेच. मग विजेच्या मोटारीवाल्यांना दाराजवळची, छपराखालची जागा काय म्हणून? ज्यांना नवी मोटार घेण्याची ऐपत आहे त्यांना सरकार आधींच सवलती देतें. त्यांवर आणखी सांवलीही त्यांनाच द्यावयाची, आणि पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीवाल्यानें उन्हांत जळावें, हा कोठला न्याय? तिसरी गोष्ट अशी कीं, माझ्या हातून झालेलें नुकसान तें केवढें! चाळीस मिनिटें. रस्त्यांतील एखाद्या टोलनाक्यावर किंवा बंद पडलेल्या ट्रकच्या मागें इतका वेळ कोणाचाही जातो.

या तिन्ही मुद्द्यांचें उत्तर देण्यापूर्वीं ती जागा वस्तुतः काय होती तें पाहिलें पाहिजे. मला ती 'जागा' दिसली, म्हणजे आठ हात रुंद आणि दहाबारा हात लांब असा जमिनीचा एक तुकडा. त्या तरुणाच्या दृष्टीनें तो जमिनीचा तुकडा नव्हताच. तें एक साधन होतें. पेट्रोलच्या मोटारीची टाकी तीनचार मिनिटांत भरते. एका लिटर पेट्रोलांत सुमारें नऊ युनिटें शक्ति सांठविलेली असते. इंजिन तिच्यांतील बराचसा भाग उष्णतेच्या रूपानें उधळून टाकतें, तरी उरलेली आपल्याला पुरते, म्हणून आपण ती उधळपट्टी मनावरही घेत नाहीं. विजेची मोटार या बाबतींत फार काटकसरी आहे, पण तिला जेवावयास वेळ लागतो. तीस किलोवॅटचें यंत्र पाऊण तासांत फार तर साडेबावीस युनिटें देणार. त्यांवर एखादी लहानशी मोटार दीडशें किलोमीटर जाईल. घरच्या साध्या प्लगावर तर रात्रच्या रात्र जाते. आणि खर्चही चढउताराप्रमाणें बदलतो. दीड टन वजनाची गाडी खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत, म्हणजे सुमारें साडेपांचशें मीटर, वर चढवावयास नुसत्या चढापायींच सव्वादोन युनिटें लागतात. तीस युनिटांच्या बॅटरीचा हा तेरावा हिस्सा झाला. उतारावर अशा गाडीला कांहीं वीज परत मिळते हें खरें. पण बोरघाट चढून आलेल्या मनुष्याला पुण्यापर्यंत तितका उतार लागतच नाहीं, कारण पुणें स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांवर वसलेलें आहे. वैशाखांत थंड हवेच्या यंत्राला लागणारी वीज ती वेगळीच.

सारांश, विजेच्या मोटारीनें दूरचा प्रवास करणारा मनुष्य थांबण्याचीं ठिकाणें मोजून निघतो. आपल्या केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयानें 2018 च्या डिसेंबरांत जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत शहरांतून दर तीन किलोमीटर लांबरुंदीच्या चौकोनांत निदान एक, आणि हमरस्त्यांवर दोन्ही बाजूंस दर पंचवीस किलोमीटरांवर एक, असें चार्जिंग स्टेशन असावें हें उद्दिष्ट ठेवलेलें होतें. उद्दिष्ट गांठेपर्यंत मधला काळ अवघड असतो. शिवाय कागदावरील स्टेशन आणि उपयोगी पडणारें स्टेशन यांत एका उभ्या मोटारीइतकें अंतर असूं शकतें, ही गोष्ट मीं त्या दिवशीं स्वतःच सिद्ध करून दाखविली.

आतां समतेचा मुद्दा घ्या. अंगणांत पन्नास जागा होत्या. मला त्यांपैकीं कोणतीही चालली असती. त्याला दोनच चालल्या असत्या. सर्वांना सर्व जागा सारख्या खुल्या ठेवणें ही दिसण्यांत समता आहे. पण जिची गरज कोठेंही भागते आणि जिची एकाच ठिकाणीं भागते, अशा दोन गाड्यांना ती लावली म्हणजे तिचा अर्थ असा होतो कीं, एकीला पन्नास जागा आणि दुसरीला शून्य. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें 1689 सालीं छापून निघालेल्या आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत, सर्वांच्या मालकीच्या वस्तूवर पहिल्यानें हात घालणाराचा हक्क मान्य केला. पण त्यालाही एक अट घातली. दुसऱ्यांसाठीं ती वस्तु पुरेशी, आणि तितकीच चांगली, शिल्लक राहिली पाहिजे. नदींतून ओंजळभर पाणी घेणारा कोणाचें कांहीं घेत नाहीं, कारण नदी तशीच राहते. मीं उन्हांतली जागा घेतली असती तर अंगण तसेंच राहिलें असतें. मीं घेतली ती जागा म्हणजे नदी नव्हती. उन्हाळ्यांत आटत आलेल्या विहिरीचा तो शेवटचा पोहरा होता.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. विजेची मोटार हवा स्वच्छ ठेवते म्हणून तिचा मालक अधिक पुण्यवान, आणि पुण्यवंताला जागा पहिल्यानें मिळावी, असें माझें म्हणणें नाहीं. तसें म्हटलें तर तंटा तेथेंच सुरू होईल. कारण ती वीज कोळशावर तयार झाली कीं पाण्यावर, बॅटरींतील धातु कोणत्या देशांतून कशा रीतीनें खणून आणले, असे प्रश्न कोणीही विचारूं शकेल, आणि ते विचारण्याजोगे आहेतही. पण त्या जागेवरचा हक्क पुण्याईचा नाहींच. तो जागेच्या हेतूचा आहे. पाणपोईवर पाणी पिणारा मनुष्य सज्जन आहे कीं दुर्जन हें आपण विचारीत नाहीं. तो तहानलेला आहे एवढें पुरे. आणि पाणपोईच्या छपराची सांवली चांगली आहे म्हणून रांजणाच्या तोंडाशीं कोणी आपला बैल बांधला, तर बैल कितीही गरीब शेतकऱ्याचा असो, त्याला आपण तेथून सोडावयास सांगतोंच.

मग जी गोष्ट रांजणाच्या बाबतींत शेंबड्या पोरालाही कळते ती मला त्या दिवशीं कां कळली नाहीं? पेट्रोल पंपापुढें मोटार उभी करून, तिला कुलूप लावून, जेवावयास निघून गेलेला मनुष्य मीं जन्मांत पाहिलेला नाहीं. मी स्वतः तसें स्वप्नांतही करणार नाहीं. याचें कारण माझी नीतिमत्ता पंपापाशीं अधिक तेजस्वी होते असें नसून, पेट्रोल संपत आल्याची धाकधूक मीं स्वतः अनुभवली आहे हें आहे. चार्जरपुढें मात्र माझी कल्पनाशक्ति मुकी राहिली. आपली सहानुभूति बहुधा आपल्या अनुभवाच्या कुंपणांत चरत असते. जें दुःख आपल्याला होण्यासारखें नाहीं तें दुःख आहे हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं. कुंपणापलीकडची गरज दिसावयास बुद्धि पुरत नाहीं. क्षणभर थांबावें लागतें. रखवालदारानें मला तो क्षण दिला होता. मीं तो 'दहा मिनिटांत येतोंच' असें म्हणून परत केला.

वस्तुतः पेट्रोलच्या मोटारीनें तरी आपले जुने दिवस विसरूं नयेत. 1888 सालच्या ऑगस्टमध्यें कार्ल बेंझ याची पत्नी बेर्था ही आपल्या दोन मुलांसह नवऱ्यानें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन जर्मनींतील मानहाइम शहराहून फोर्झहाइम येथें आपल्या माहेरीं गेली. सुमारें शंभर किलोमीटरांचा हा मोटारीचा पहिला दूरचा प्रवास. तेव्हां पंप कोठून असणार? वाटेंत वीसलोख गांवीं तिनें एका औषधवाल्याच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचें द्रव्य विकत घेतलें व गाडींत ओतलें. पेट्रोलची मोटार त्या दिवशीं त्या दुकानाच्या दारांत याचक म्हणून उभी होती. त्याच दारांत एखादा घोडागाडीवाला गाडी सोडून शेजारच्या खाणावळींत जाऊन बसला असता आणि "मी तर नेहमींच येथें गाडी सोडतों," असें म्हणाला असता, तर आजचा प्रत्येक मोटारवाला त्याला हंसला असता. आज घोडागाडीवाल्याच्या ठिकाणीं आपण आहों, इतकाच फरक.

कोणी म्हणेल, तुम्ही निदान दुष्टपणानें तसें केलें नाहीं. हें खरें, पण या समजुतीनें मला फारसें समाधान होत नाहीं. अमेरिकेंत चार्जिंगच्या जागा पेट्रोलच्या गाड्यांनीं अडविण्याला 'आइसिंग' असें नांवच पडलेलें आहे. तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तें आलें. तेथें कांहीं जण केवळ नव्या गाडीच्या द्वेषानें, मुद्दाम चार्जरपुढें आपले ट्रक आणून उभे करतात, अशा बातम्या 2018 च्या सुमारास बऱ्याच झळकल्या. इसापनीतींतील गव्हाणींत बसलेलें कुत्रें ओळखीचेंच आहे: स्वतः गवत खाईना, बैलालाही खाऊं देईना. पण दुष्ट मनुष्याबद्दल एवढें तरी म्हणतां येतें कीं, दुसऱ्याची गरज त्याला दिसते. दिसते म्हणूनच तो तिच्या आड येतो. त्याला लाज वाटण्याचा संभव तरी आहे. बेफिकीर मनुष्याला दुसरा दिसतच नाहीं. दुष्टाचा अपराध मोठा यांत शंका नाहीं. पण शंभर अडविलेल्या जागांपुढें जाऊन पाहिलें तर त्यांत कुत्रीं थोडीं सांपडतील, आणि माझ्यासारखीं मिसळ खावयास गेलेलीं सभ्य माणसेंच फार.

आतां एक खरोखरीच अवघड प्रसंग कल्पून पाहूं. समजा, अंगण पूर्ण भरलेलें आहे. पाऊस कोसळतो आहे. गाडींत ऐंशी वर्षांची आई आहे, तिला चालवत नाहीं. आणि दाराजवळची हिरवी जागा तेवढी रिकामी आहे. अशा वेळीं पेट्रोलच्या मोटारीवाल्यानें काय करावें? नियम पाळून आईला भिजवावें, असें म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं. त्यानें ती जागा घ्यावी, आईला उतरवावें, तिच्याबरोबरच्या माणसानें तिला आंत न्यावें. आणि त्यानें स्वतः चाकापाशीं बसून राहावें. विजेची गाडी आली, कीं बाजूला व्हावें. असें करणारानें कोणाचें कांहीं अडविलें असें मला वाटत नाहीं, जरी जागा त्यानें तितकीच व्यापलेली असली तरी.

हा फरक कोठून आला? मला वाटतें, सगळ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. जागा व्यापणें ही अडवणूक नव्हे. व्यापून निघून जाणें ही अडवणूक आहे. चाकापाशीं बसलेल्या मनुष्याजवळ जाऊन दुसऱ्याला बोलतां येतें, विनंती करतां येते, आपली गरज मोठी कीं त्याची याचा निवाडा दोन माणसांना मिळून करतां येतो. कुलूप लावलेल्या मोटारीशीं काय बोलणार? मीं त्या तरुणाची चाळीस मिनिटें घेतलीं हें आहेच; पण त्याहून मोठी गोष्ट मीं घेतली ती ही कीं, मला विचारण्याची संधि त्याला ठेवली नाहीं. माझ्या जागीं मीं एक लोखंडी पेटी उभी केली आणि मी नाहींसा झालों. आगगाडीच्या गर्दीच्या डब्यांत बाकावर रुमाल टाकून फलाटावर चहा पीत उभा राहणारा उतारू आणि मी यांत रुमालाच्या आकाराचा काय तो फरक.

हें ध्यानांत आलें म्हणजे शेजारच्या हिरव्या पाटीच्या मोटारीचाही निकाल लागतो. तिच्या मालकाला त्या जागेवर हक्क होता. पण बॅटरी भरली त्या क्षणीं तो संपला. त्यापुढें तो आणि मी एकाच पंक्तीला बसलों होतों. किंबहुना त्याचा दोष कांकणभर अधिकच, कारण वीज संपत आल्याची धाकधूक काय असते हें त्याला माहीत होतें. म्हणून पेट्रोलवाले विरुद्ध वीजवाले असा या भांडणाला रंग देण्यांत अर्थ नाहीं. आपल्याकडे पुष्कळ धर्मशाळांतून तीन दिवसांहून अधिक कोणाला राहूं देत नसत. राहणारा यात्रेकरूच असे, पैसेही कोणी मागत नसे. तरी चौथ्या दिवशीं त्यानें निघावयाचें. कां? तर धर्मशाळेची खोली राहणाराची जितकी, तितकीच अजून न आलेल्या यात्रेकरूची. जुन्या लोकांना न आलेला पाहुणा दिसत असे. रिकामी जागा कोणाची, या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर मला सांपडलेलें नाहीं: ज्याच्यासाठीं ती रिकामी ठेवलेली आहे त्याची, मग तो अजून वळणावर दिसतही नसला तरी.

कायद्यानें हा प्रश्न सुटेल काय? थोडासा सुटेल. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानानें 2013 सालीं केलेला कायदा मला मार्मिक वाटतो. चार्जिंगच्या जागेंत उभी असून यंत्राला जोडलेली नाहीं अशा गाडीच्या मालकाला तेथें 124 डॉलर दंड आहे. गाडी कोणत्या जातीची हें तो कायदा पाहत नाहीं. ती जागेचा उपयोग करीत आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. टेस्ला कंपनीनेंही 2016 च्या डिसेंबरांत असें जाहीर केलें कीं, बॅटरी भरल्यावर गाडी न हलविणाराला दर मिनिटाला चाळीस सेंट आकार पडेल. पांच मिनिटांत हलविली तर माफ. आपल्याकडे तर 2018 पासून विजेच्या गाड्यांना हिरवी नंबरपाटी मिळालेली असल्यामुळें जागेंत भलतीच गाडी घुसली आहे हें लांबूनही कळतें. तेव्हां दंड असावा, याविषयीं माझें दुमत नाहीं. मला त्या दिवशीं झाला असता तर मीं तो निमूटपणें भरला असता.

पण 'निमूटपणें' या शब्दांतच धोका आहे. इस्राएलमधील हैफा शहरांतील कांहीं पाळणाघरांत केलेला एक प्रयोग उरी ग्नीझी व आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं 2000 सालीं प्रसिद्ध केला. संध्याकाळीं मुलांना न्यावयास आईबाप उशिरां येत आणि शिक्षिकांना थांबावें लागे, म्हणून दहा मिनिटांहून अधिक उशीर करणारांना लहानसा दंड बसविण्यांत आला. परिणाम उलटाच झाला: उशिरां येणारांची संख्या जवळ जवळ दुप्पट झाली. आणि दंड काढून टाकल्यावरही ती कमी झाली नाहीं. पूर्वीं उशीर झाला तर ओशाळें व्हावें लागे. आतां त्याचे पैसे मोजले होते. दंड हा दर होऊन बसला, आणि ज्या वस्तूला दर असतो ती विकत घेण्यांत संकोच कसला? मीं दंड भरला असता तर मीं तो कोणाला भरला असता? पालिकेला, कीं हॉटेलवाल्याला; त्या मामाला नव्हे. आणि पावती खिशांत घालून मी अधिक निर्धास्तपणें पुढें गेलों असतों. ज्याच्याशीं चूक झाली त्याच्याशीं बोलणें हा चुकीचा पहिला परिहार. तो मार्ग कुलूप लावून मीं आधींच बंद केलेला होता.

म्हणून या प्रसंगानंतर मीं कोणतें मोठें व्रत घेतलें आहे असें नाहीं. हिरव्या जागेंत आतां मी गाडी घालीत नाहीं, हें सांगण्यासारखेंही नाहीं. एक लहानसा बदल मात्र केला. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर मीं माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, आणि गाडी कोठेंही उभी केली तरी तो पुढच्या कांचेपाशीं ठेवून जातों. गाडी सोडून जाणें चुकत नाहीं. पण आपण अगदींच नाहींसें होऊं नये, कोणाला तरी हांक मारतां यावी, एवढाच त्याचा हेतु. मागच्या महिन्यांत एकदां तसा फोन आलाही. पुण्यांत एका मित्राकडे जेवावयास बसलों होतों. वरणभात कालविलेला होता. "तुमच्या गाडीमागें आमची अडकली आहे, जरा काढतां का?" असें कोणी बाई विचारीत होत्या. ताटावरून उठावें लागलें. त्या वेळीं मला राग आला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परत येईपर्यंत भात गार झाला होता.

तो मामा मुहूर्ताला पोंचला कीं नाहीं हें मला आजतागायत कळलेलें नाहीं. हिशेबानें तो पावणेपांचाला निघाला असावा, आणि सातारपासून कोल्हापूर एकशेंवीस किलोमीटर आहे. पत्नी म्हणते, पोंचला असेल. लग्नांत मुहूर्त थोडे पुढेंमागें होतातच. मीही तसेंच म्हणतों. पण तसें म्हणण्याचा अधिकार आम्हां दोघांना नाहीं, हें दोघांनाही ठाऊक आहे.